पंपघराच्या जागी झाड

आमचे भाऊजी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक घड्याळ मिळालं आणि पंपघराची किल्ली काढून घेतली गेली. पुढे पंपघरच पाडायचं ठरलं.

"पाडू देत," भाऊजी म्हणाले. "आधी मी त्याचं चित्र काढतो."

आयुष्यात त्यांनी ब्रश धरला होता तो दाढीचाच.

"अहो, मोबाइलवर फोटो काढा की!" ताई म्हणाली.

"फोटो कुणीही काढतं. माझी उभी हयात गेलीय तिथे."

निसर्गचित्रं शिकवणारे एक मास्तर गाठले. रविवारी सकाळी तिघं तलावाच्या अलीकडच्या काठावर बसलो. मी हमाल, म्हणजे स्टुलं माझ्याकडे. समोर टेकडी, पाणी आणि चुन्याचं पांढरं पंपघर.

"पंपसाहेब, जलरंगात पांढरं रंगवायचं नसतं, राखायचं असतं," मास्तर म्हणाले. "कागद तेवढा कोरा सोडायचा. एकदा त्यावर रंग गेला की संपलं."

भाऊजींनी हे वरिष्ठांचा हुकूम आल्यासारखं पाळलं. टेकडी आभाळात घुसली, तलाव ओघळून माझ्या पँटवर आला, पण मधला पांढरा चौकोन कोरडा ठणठणीत. एखादा ओघळ तिकडे निघाला की भाऊजी श्वास रोखून रुमालाचं टोक लावायचे. मग जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी एक इवलीशी खिडकी काढली.

"इथे बसून डबा खायचो," ते मला हळूच म्हणाले.

मास्तर मागे येऊन उभे राहिले. मान तिरकी केली.

"झकास! फक्त हा खोका डोळ्यांत खुपतोय."

"अहो मास्तर, तेच तर..."

"नको ते गाळायला शिका, पंपसाहेब. त्यालाच कला म्हणतात."

त्यांनी भाऊजींच्या हातातून ब्रश घेतला आणि चार फटकाऱ्यांत पंपघराच्या जागी गर्द झाड उभं केलं. झाड सुरेख होतं, खोटं कशाला बोलू?

"थँक्यू," भाऊजी म्हणाले. घड्याळ मिळालं तेव्हाही एवढंच म्हणाले होते.

ताईने चित्र बैठकीत लावलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "झाड काय जिवंत आलंय हो!" ताई फुशारत सांगायची, "पहिलाच प्रयत्न हं यांचा!" भाऊजी चहात बघत राहायचे.

महिन्याभरात पंपघर पाडलं. आम्ही बघायला गेलो. टेकडी होती, पाणी होतं, मध्ये सपाट माती.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "भाऊजी, चित्र आता हुबेहूब झालं की."

त्यांनी समोरच्या मातीकडे बोट दाखवलं.

"कुठलं हुबेहूब?" ते म्हणाले. "झाड कुठाय?"