शेवटचं नाव

“आई, बोलावलं! बेल्जियमला मुलाखतीला बोलावलं मला! तिकीटसुद्धा त्यांचंच!”

इंद्रजीत ओरडतच स्वयंपाकघरात आला. भाकरी थापणाऱ्या दिपालीचे हात परातीतच थांबले. दोघांचीही डॉक्टरेट गवतांवरची, आणि तिथल्या विद्यापीठात गवतांवर संशोधन करणाऱ्यासाठी एकच जागा निघाली होती. तिने अर्ज करायचं ठरवलं तेव्हा इंद्रजीत म्हणाला होता, “जागा एकच हाय. मी भरत नाय. तूच भर.” लग्न झाल्यापासून एवढं गोड वाक्य तिने ऐकलं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस ती त्याच्या आवडीच्या भाज्या करत राहिली, वेडी.

“तुम्ही पण भरला होता?” तिने विचारलं.

“सहजच. तुला सांगणारच व्हतो.”

सासूबाई सारजाबाई तोवर देवापुढे साखर ठेवून बाहेर गेल्यासुद्धा. बजाजनगरच्या त्या गल्लीत सारजाबाईंना बातमी कळली की दवंडीची गरज पडत नसे. ‘माझा इंद्रा फॉरेनला चालला’ हे शेजारच्या घरात पोचलं होतं.

दिपालीने गॅस बंद केला, हात पुसले. घरात लॅपटॉप एकच. स्क्रीनवर पत्र उघडं होतं, ‘डियर डॉक्टर इंद्रजीत’. खाली मेंढ्या कोणतं गवत आधी खातात, या कामाचं कौतुक होतं. ते काम तिचं होतं. पिशोरच्या माळावर वडिलांच्या कळपामागे उन्हात फिरून केलेलं. इंद्रजीतचं तर मेंढीच्या वासानेच डोकं दुखायचं.

“अहो, मेल माझी आहे. माझ्या खात्यावर आलीय, ते उघडंच राहिलं होतं.”

“नाव तर माझं हाय!”

नाव त्याचंच होतं. आपल्याकडे सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग बाईचं नाव, मग नवऱ्याचं. शिंगाडे दिपाली इंद्रजीत. तिने अर्जात ते जसंच्या तसं उतरवलं आणि तिकडच्या लोकांनी शेवटचं नाव आडनाव समजून घेतलं. नवऱ्याचं नाव लावल्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या बाईला झाला नसेल!

इंद्रजीतने स्वतःचं खातं उघडलं. तिथे दोन ओळींचा नकार होता. त्याने दाराकडे पाहिलं.

“ऐक ना,” तो हळूच म्हणाला. “तू जमत नाय म्हणून कळव. मग मला बोलवतेल. आईनं समद्यांना सांगितलंय, माझी काय इज्जत राहील?”

तिला रडू आलं नाही, संताप आला. त्याने अर्ज केला तो केला. पण ‘तूच भर’ म्हणाला त्या दिवशी तिने त्याचे हात धरून आभार मानले होते आणि त्याने ते मानू दिले होते.

तिने तिथेच बसून ‘येते’ असं कळवलं. मग पिशोरला फोन लावला.

“बाबा, परदेशात मुलाखतीला बोलावलंय मला.”

तिचा बाप कडूबा माळावरच होता. मागे मेंढ्या ओरडत होत्या.

“बायकोला इतकं लांब पाठवायचं म्हंजी लई मोठं मन लागतं, पोरी,” तो म्हणाला. “जावईबापूंना माझा नमस्कार सांग. इसरू नको.”

“व्हय बाबा.”

इंद्रजीत पलंगाच्या कडेला बसला होता. बाहेर सारजाबाई कुणाला तरी विमानाचं सांगत होत्या.

“बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय,” दिपाली म्हणाली.

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.