माझ्या पोहऱ्यातला दगड

मित्रांनो, मी जुनी आहे, पण मोडकी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण गावात येणारा प्रत्येक शहाणा मला बघून म्हणतो, "अरेरे, किती जुनी पाणचक्की!" तुझ्या आजीलाही असंच म्हणतोस का रे? मी बातु लिमाउ गावची पाणचक्की. डोंगरातून आलेला पाट माझ्या डोक्यावर पडतो, माझे लाकडी पोहरे भरतात, भरलेली बाजू खाली जाते आणि मी फिरते. एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी या गावाला जेवू घातलं आणि पुढे त्याला आवाजही दिला.

मला माझ्या आजच्या मालकिणीच्या, रोस्निदारच्या, आजीने करवून घेतलं. आमच्या सुमात्रातल्या या डोंगरात घर बाईचं, शेत बाईचं, आणि लग्न झाल्यावर नवरा उशी-चटई घेऊन बायकोच्या घरी येतो. तेव्हा चक्की कुठे बसवायची हे कुणा पुरुषाला विचारायची आजीला गरजच पडली नाही. सुतार म्हणाला, "साधं लाकूड लावू, लवकर होईल." आजी म्हणाली, "लवकर व्हायला मी काय चहा टाकायला सांगितलाय?" मग सुतार गुपचूप रानात गेला आणि पाण्यात न कुजणारं लाकूड घेऊन आला. त्याच लाकडावर मी अजून उभी आहे.

माझ्या मुसळांनी अख्ख्या गावाचं भात कांडलं. बायका टोपल्या घेऊन रांगेत बसायच्या, नवऱ्या-जावयांच्या गप्पा मारायच्या, आणि मी धप धप करत सगळं ऐकायचे. नवा जावई आला की त्याला आधी माझ्याकडे आणायचे. असा माझा मान होता.

मग डिझेलची गिरणी आली. धूर ओकणारी, कानठळ्या बसवणारी ती पत्र्याची डबी! सगळं भात तिकडे पळालं. मला कुणी एका शब्दाने सांगितलंसुद्धा नाही. पोहऱ्यांत शेवाळ धरलं, मुसळांवर कोंबड्या बसू लागल्या. कोंबड्यांचा मला राग नव्हता. निदान त्या माझ्यापाशी येत तरी होत्या.

माझे दिवस पालटले ते भूकंपानंतर. विजेच्या तारा पडल्या त्या पडल्याच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाव अंधारात. तेव्हा रोस्निदारने आपल्या जावयाला हाक मारली. जावई शाफ्रिल, तिच्या यूलिनारचा नवरा, समुद्रकाठचा. बोलायला कमी, हाताला हुशार.

"शाफ्रिल, तुझ्या त्या मोडक्या ट्रकचा डायनामो काय शोभेला ठेवलायस? बांध या म्हातारीला."

त्याने बांधला, आणि मी वीज करायला लागले. आधी दिवे लागले. मग रोस्निदारने माझ्या मुसळांच्या खोलीत एक माईक आणून ठेवला, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकले, छपरावर बांबूचा उंच खांब उभा केला, आणि बातु लिमाउ रेडिओ सुरू झाला. रोस्निदारची शाळा अक्षरं जुळवण्यापुरतीच झालेली. पण आवाज असा की रेडिओ नसता तरी निम्म्या गावाला ऐकू गेला असता.

"नदी आज गुडघ्याच्या वर आहे," ती रोज सकाळी सांगायची. "रानात वरच्या अंगाला झाडं तोडल्याचा आवाज येतोय. तोडणाऱ्याने कुऱ्हाड पुसून घरी जावं, मी आवाज ओळखते. आणि ज्याने पाटात साबणाचं पाणी सोडलंय, त्याच्या बायकोला सांगते, बाई, नवऱ्याला आवर. नाव उद्या घेईन."

उद्या नाव घ्यायची वेळ क्वचितच यायची. पाट दुपारीच स्वच्छ झालेला असायचा.

शाफ्रिल रोज सकाळी माझे पोहरे खरवडायचा. शेवाळ, काटक्या, गाळ, सगळं हाताने काढायचा, आसाला तेल घालायचा. मित्रांनो, त्याच्या हाताची मला सवय झाली होती. हे लक्षात ठेवा.

आता माझ्या खालच्या डोहाबद्दल ऐका. तो राखलेला डोह. वर्षभर तिथे कुणी गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही. ईद झाली की एका सकाळी सगळं गाव एकदम पाण्यात उतरतं, आणि त्या माशांच्या पैशावर मशिदीचं छप्पर होतं, पोरक्या पोरांचे कपडे होतात. डोह राखायला पहारेकरी नव्हता. पाण्यावर शपथ घातलेली होती, की चोरून मासा खाईल त्याचं पोट फुगेल. लहान पोरंसुद्धा तिथल्या पाण्यात बोट बुडवत नसत. शपथ चांगली होती. माणसं तिच्यापुढे अक्कल गहाण टाकतील, हे घालणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

त्या वर्षी वरच्या दरीत एक कंपनी बंधारा बांधत होती. हिरवी पाटी, पाटीवर पान, आणि खाली लिहिलेलं, 'स्वच्छ वीज'. घराण्याचा कारभार बघणारा रोस्निदारचा धाकटा भाऊ, दातुक मारूहुन, काळी टोपी घालून तिथली मुहूर्ताची फीत धरायला गेला होता. दातुक हा घराण्याच्या मुखियाचा मान, गावात सगळे त्याला तसंच म्हणतात. मला त्या पाटीचं हसू यायचं. मीही पाण्यावर वीज करते. पण पाणी माझ्याकडे जसं येतं, तसंच मी ते खाली सोडते. माझ्या गळ्यात कुणी पान लटकवलं नाही.

मग ती सकाळ आली. पाटातून राखाडी पाणी पडलं. आमची माती तांबडी. तांबडं पाणी मी जन्मभर प्यायले, पण हे राखाडी, जड, चिकट. माझे पोहरे भरले ते रिकामे होईनात. आसात कचकच झाली आणि मी थांबले. कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही, कारण खाली डोहावर आरडाओरडा सुरू झाला होता. राखलेले मासे पोटं वर करून तरंगत होते. अख्खा डोह पांढरा.

सगळं गाव काठावर. आणि एकानेही, मित्रांनो, एकानेही ओंजळभर पाणी उचलून बघितलं नाही. एक मासा हातात घेतला नाही. शपथेच्या पाण्याला हात कोण लावणार?

"शपथ मोडलीय कुणीतरी," एक म्हातारा पुटपुटला.

"पोट कुणाचं फुगलंय बघा," दुसरा म्हणाला.

आणि सगळ्यांनी शाफ्रिलकडे बघितलं. बिचाऱ्याचं पोट फुगलेलंच होतं. कावीळ झाल्यापासून त्याच्या पोटात पाणी होत होतं, दवाखान्यातली बाई दर महिन्याला तपासायची.

रोस्निदार कडाडली, "अरे, त्याचं पोट रमजानच्या आधीपासून फुगलंय! तेव्हा हे मासे काय स्वर्गात पोहत होते?"

"म्हणजे चोरी तेव्हापासून चाललीय," म्हातारा म्हणाला, आणि चार माणसांनी माना डोलावल्या. अशा अकलेला काय म्हणावं? मी अडकलेली नसते तर पाणीच उडवलं असतं त्यांच्या तोंडावर.

दातुक मारूहुन घसा खाकरून म्हणाला, "आक्का, गावाचं मन आहे. जावयाने काही दिवस आपल्या आईकडे जावं."

काही दिवस! आमच्याकडे जावयाला बायकोच्या घरातून काढणं फार सोपं असतं. त्याचं असं घरात असतंच काय? उशी आणि चटई. शाफ्रिलने उशी काखेत मारली. चटई गुंडाळली, यूलिनारकडे बघितलं आणि निघाला. यूलिनार सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी मान डोलावली, त्यांची तोंडं मी पाठ केलीत." तिच्या आईचीच लेक ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ बोलला नाही. मी थांबलेली, माझे पोहरे भरलेले, आणि ते खरवडणारा माणूसच गावाने हाकलून दिलेला. रोस्निदार स्वतः आली. लुगडं खोचलं, खुरपं घेतलं आणि माझ्या पोहऱ्यात खुपसलं.

खुरपं टणकन वाजलं.

तिने परत मारलं. परत टण. वरचा ओला गाळ तिने हातात घेतला, बोटांत चोळला, वास घेतला. हाताची आग व्हायला लागली तशी झटकन धुतला. मग तिने पोहऱ्याच्या तळाला हात लावला. तिथे दगड झाला होता. राखाडी, खरबरीत दगड, पोहऱ्याच्या आकाराचा.

"सिमेंट!" ती म्हणाली. मग अशा काही शिव्या दिल्या की मला कळल्या, पण तुम्हाला सांगत नाही. वरच्या बंधाऱ्यावर उरलेलं कालवलेलं सिमेंट त्यांनी सरळ नदीत ओतलं होतं. त्यांची यंत्रं आमच्या पाण्यात धुतली होती. माशांना गिळलं ते त्याने.

बॅटरीत जुनी वीज थोडी उरली होती. रोस्निदार आत गेली आणि माईक उघडला.

"बातु लिमाउ रेडिओ. नदीची खबर नंतर. आधी तुमची खबर. कालच्या शहाण्यांनो, चक्कीवर या. पोहऱ्यात हात घाला. पोट फुगत नाही, मी घालून बघितलाय. फार तर हात भाजेल. तोंड तर कालच काळं केलंयत."

दातुक मारूहुन धापा टाकत आला आणि दारातूनच म्हणाला, "आक्का, बंद कर ते! कंपनीची माणसं ऐकतील. गावाला वीज देणार आहेत ती!"

माईक चालूच होता.

"ऐकू देत की. आणि ए बुयुंग, टोपी काढ."

बुयुंग हे त्याचं लहानपणचं नाव. दातुक झाल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. ते सगळ्या घरांतून, चहाच्या दुकानांतून, भाताच्या खाचरांतून ऐकू गेलं.

"टोपी कशाला, आक्का?"

"हात घालताना पडेल. घाल पोहऱ्यात हात. काय लागतंय?"

त्याने हात घातला, तिने माईक तारेसकट बाहेर आणून त्याच्या तोंडापाशी धरला. मग तो हळूच म्हणाला, "दगड."

"कसला?"

"सिमेंटचा."

"हे माशांनी खाल्लं की माझ्या जावयाने?"

"आक्का, जाऊ दे ना आता..."

"मोठ्याने बोल. म्हातारे लोक ऐकतायत."

"माशांनी," दातुक म्हणाला, आणि बॅटरी संपली.

तोवर गाव माझ्यापाशी जमलं होतं. एकेकाने पोहऱ्यात हात घातला. कालचा म्हातारासुद्धा आला. "मला वाटलंच होतं," म्हणाला. यूलिनारने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो गर्दीत मागे सरकला. मग सगळे मिळून बंधाऱ्यावर गेले. माझा एक भरलेला पोहरा त्यांनी उतरवून खांद्यावर नेला आणि हिरव्या पाटीखाली ठेवला. बायका तिथेच चटया टाकून बसल्या. कंपनीच्या माणसांनी आधी हसून घेतलं, मग हात जोडले, मग नदीत काही ओतणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल केलं. तेव्हा बायका उठल्या.

आणि शाफ्रिल? तो आईच्या घरी चहा पीत बसला होता. निरोप गेला तर म्हणाला, "मला हाकललं तसं बोलवायलाही माणसं येऊ देत." बरोबर बोलला. आमच्याकडे नवरदेवाला वाजतगाजत आणायला जातात, पानाचं तबक घेऊन. तेव्हा दातुक मारूहुन डोक्यावर टोपी आणि हातात पानाचं तबक घेऊन समुद्रकाठापर्यंत गेला, आणि त्या दिवशी मान डोलावणारे सगळे त्याच्या मागे. रोस्निदारने माझ्यापाशी उभं राहून शेवटपर्यंत बघितलं, कुणी वाटेतून परतत तर नाही ना.

शाफ्रिल आला. घरात जायच्या आधी माझ्याकडे आला आणि दगड फोडून पोहरे खरवडले. मी पुन्हा फिरायला लागले.

पुढे कंपनीचा एक माणूस आला. गोड बोलत होता. "मावशी, आम्ही तुम्हाला नवीन लोखंडी चक्की बसवून देतो. ही जुनी आम्ही घेऊन जाऊ." रोस्निदार म्हणाली, "आमची म्हातारी आम्हाला जड झालेली नाही. तुला कशाला जड व्हायला लागली?"

तो पाटीखाली नेलेला पोहरा परत आणून माझ्या अंगावर बसवलाय. बाकीचे सगळे साफ आहेत, त्यातला दगड मात्र मुद्दाम ठेवलाय. प्रत्येक फेरीला तो खाली येताना धप्प वाजतो. रोस्निदार बोलत असते आणि मागून तो धप्प रेडिओवर जातो, गावात, दरीत, वरच्या बंधाऱ्यावरही. कंपनीच्या माणसांकडे रेडिओ आहे. ते ऐकतात, मला ठाऊक आहे.

डोहात अजून बोटाएवढेच मासे आहेत. मोठे व्हायला वेळ लागेल. माझा राग तोपर्यंत टिकेल, मी टिकाऊ लाकडाची आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या नदीवर कुणी हिरवी पाटी लावली तर पाटी वाचून टाळ्या वाजवू नका. आधी पाण्यात हात घाला. आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या गावात उभी असेल, तर तिचं शेवाळ काढा, आसाला तेल घाला, कोंबड्या हाकला. माझ्याकडे आलात तर तेही करा. फक्त त्या एका पोहऱ्याला हात लावू नका. तो वाजू दे.