ढग नसलेला गोळा

श्रावणात जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. १९९९ साली नेमकी तेव्हाच धाकटी सुरभी पुण्याहून आली. पेणच्या वाचनालयात तिचं ताऱ्यांवर व्याख्यान होतं, आणि तिचे वडील हैबतराव येईल त्या गिऱ्हाइकाला हे कौतुकाने सांगत होते. थोरली मुलगी सरू दहावीपासून त्यांच्या हाताखाली मूर्ती रंगवत होती. तिचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

सुरभीने दिव्याचा पांढरा काचेचा गोल सरूपुढे ठेवला. "ताई, व्याख्यानासाठी एवढा रंगवून दे गो."

"काय हाय ह्यो?"

"तपकिरी बटू. तारा व्हायला निघालेला, पण पुरता न पेटलेला गोळा. त्याच्यावर तापलेल्या धुळीचे ढग असतात. तो फिरता फिरता दाट ढगांची बाजू आपल्याकडे आली की उजेड कमी होतो. मी दुर्बिणीतून तेच बघते. एका बाजूला दाट ढग काढ, दुसऱ्या बाजूला विरळ."

"बघ सरू," हैबतराव म्हणाले, "याला डोकं लागतं."

सरूच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी तिने रंग फवारायच्या गनने अख्ख्या गोलावर एकसारखा तपकिरी रंग मारला आणि तो कागदात गुंडाळून बहिणीच्या हातात दिला.

व्याख्यानात दिवे मालवले. सुरभीने अंधारातच कागद सोडला, गोलातला बल्ब लावला, गोल फिरवला. "बघा, आता उजेड कमी होईल." झाला नाही. पुन्हा फिरवला. मागून कुणीतरी हसलं. बाबांशेजारी बसलेली सरू वाट बघत होती, आता ही रडेल.

सुरभीने गोल थांबवला. "खरं सांगू? माझा बटू असाच निघाला. दुसऱ्यांना त्यांच्या बटूंच्या उजेडात बदल दिसलेत. मला वर्षभर बघून काही सापडलं नाही. ढगच नाहीत, की सगळीकडे सारखे पसरलेत, मला कळलेलं नाही. घरी सांगायचा धीर झाला नाही."

हैबतराव उठून पुढे गेले. भरल्या डोळ्यांनी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे पोरी. परत बघ."

तो हात सरूच्या पाठीवर कधी पडला नव्हता. बहिणीला पाडायला आलेली सरू खुर्चीतच जळत राहिली.

परतीच्या एसटीत बाबांचा डोळा लागला. सुरभीने हळूच विचारलं, "ढग विसरलीस, की मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का गो?"

"तुझं सगल्यांना सांगतात. माझं कोन सांगनार?"

"लहानपणी त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून तुला दिला. आठवतं? मी रात्री जेवले नव्हते."

सरूला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जोह्याला गाडी थांबली तेव्हा तिने बाबांना हलवून जागं केलं. "बाबा, ढग मीच काढले नाय. मुद्दाम."

हैबतराव उठून दाराकडे निघाले. "उतर, गाडी सुटंल."

गणपती बसेपर्यंत ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. सुरभीला मात्र दर रविवारी फोन करायला पेणला जात. तेवढा वेळ कारखाना सरू सांभाळायची.