ताईची एक जास्तीची ओळ

‘चित्रातल्या मुलीचे डोळे गरगर फिरतायत. थांबवायचे कसे? लवकर सांगा, घरात आई आहे.’

हा प्रश्न बारक्याने इंटरनेटवर विचारला होता. तो अजून तिथेच आहे आणि त्याखाली उत्तर नाही. मी त्याच मुलीची स्क्रिप्ट बोलतेय, म्हणजे तिला हलवणाऱ्या कॉम्प्युटरच्या ओळी. उत्तर मला ठाऊक होतं. पण आम्हाला सांगितलेलं करता येतं, आपणहून काही सांगता येत नाही.

मला बारक्याच्या ताईने लिहिलं. अंथरुणाला खिळल्यावर, मांडीवर उशी आणि उशीवर कीबोर्ड ठेवून. माझ्यात एक मुलगी आहे, ताईसारखीच आखूड केसांची. आई माउस जिकडे नेईल तिकडे ती बघते. एवढंच माझं काम.

“मी झोपले ना, की ही तुझ्याकडे बघत बसेल,” ताई म्हणाली होती.

“तू आधी या गोळीकडे बघ,” आई म्हणाली.

ताई गेली. मग आई रोज भांडी आवरून, हात पुसून माझ्यासमोर बसायची. माउस डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची.

पण ताईचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. पंखा घरघरायचा, मधेच पडदा काळा व्हायचा. बाबा म्हणाले, “मोबाइलवर शूटिंग करून ठेव आणि मोकळा हो.”

“शूटिंगमधली आईकडे बघेल का?” बारक्या म्हणाला. बाबा चष्मा पुसत बसले.

घरातल्या नव्या कॉम्प्युटरला माझी जुनी भाषा कळत नव्हती. बारक्या टायरच्या दुकानात कामाला. शाळेशी त्याचं कधी जमलंच नाही. तरी दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडलेलं एक पान त्याने शोधून काढलं आणि एका बोटाने मला उतरवायला बसला. ताईची एकही ओळ गाळायची नाही, हा त्याचा हट्ट. तिथेच घात झाला.

जुन्या भाषेत डोळे वळवायला कोन अंशांत द्यावा लागे. म्हणून ताईने एक ओळ केवळ कोनाचे अंश करण्यासाठी लिहिली होती. नव्या भाषेचं माप वेगळं, तिला अंश नकोच होते. ती ओळ नुसती काढून टाकायची होती. पण ताईची ओळ बारक्या काढतोय कसला. उलट तीच त्याने सगळ्यात जपून उतरवली. त्यामुळे कोन कितीतरी पट वाढला आणि माउस जरा हलला की डोळे भोवऱ्यासारखे फिरू लागले.

त्याच्या प्रश्नावर एकजण फक्त एवढं म्हणाला, “भाऊ, आधी शिकून या, मग विचारा.” बारक्याचं डोकं सटकलं. तोंडाला येईल ते त्याने लिहिलं. प्रश्नाला कुलूप लागलं, आता त्याखाली कुणालाच लिहिता येईना. ‘चुकलं माझं, पाया पडतो,’ असं त्याने दुसरीकडे लिहिलं, तेही कुणी उघडून पाहिलं नाही.

तुम्हाला हे काम येत असेल, तर अशा कुणाला एवढंच सांगा: ही ओळ काढ. चिडून सांगितलंत तरी चालेल.

एका सकाळी जुना कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आई नव्यासमोर येऊन बसली. मागे बाबा उभे राहिले. आईने माउस हलवला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“तिला त्रास होतोय रे.”

“थांब, करतो नीट.”

“कर बाबा काहीतरी. असं नको ठेवू तिला.”

बारक्याने मला उघडलं. एकेक ओळ खाली सरकवत तो ‘त्या’ ओळीपाशी आला. मी जीव मुठीत धरून होते. तो थांबला, ओठ हलवत ती वाचली आणि पुढे गेला.

मग बाहीने नाक पुसून त्याने डोळ्यांच्या सगळ्याच ओळी खोडल्या. दोन्ही गोल गेले. त्या जागी दोन बारीक, वाकड्या रेघा काढल्या आणि आईबाबांना दिसेल असा पडदा वळवून ताईचे डोळे मिटवले.