आठव्या इंग्रजीतला माणूस

गजराचं ते अ‍ॅप माणसाला बोलून उठवायचं, आणि तेही सात प्रदेशांच्या सात इंग्रजींत. ही साती इंग्रजी सांभाळणाऱ्या मुलीला ऑफिसात सगळे स्वल्प म्हणत, कारण एका स्वल्पविरामापायी ती अख्खी दुपार घालवू शके. ब्रिटिशांचा आठवडा सोमवारी उघडायचा, अमेरिकनांचा रविवारी. कुणाला चोवीस तासांचं घड्याळ लागे, कुणाला बाराचं. एकाच खुर्चीत बसून ती दिवसभर देश बदलत असे.

आठवं इंग्रजी खोटं होतं, कुठल्याच देशाचं नसलेलं. ते फक्त चाचणीसाठी. त्यात प्रत्येक वाक्य मुद्दाम लांबवायचं, म्हणजे कुठलं बटण अपुरं पडतं ते आधीच कळतं. बाकीचे लोक अशा जागी वाट्टेल ती अक्षरं कोंबतात. स्वल्पला ते बघवेना. नुसत्या 'उठा'च्या जागी तिने लिहिलं, 'उजाडलंय, सावकाश डोळे उघडा.' 'बंद करा'च्या जागी, 'बरं, ऐकलं तुमचं, आता मी गप्प बसते.' लिहिता लिहिता तिला तो प्रदेश दिसायला लागला. रुंद, रिकामे रस्ते. काचांवर धुकं. कुणालाच कुठे वेळेवर पोचायचं नाही.

मागच्या आवृत्तीत ते अ‍ॅपमधल्या भाषांच्या यादीतून लपवायचं राहून गेलं.

"आजच काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "का कुणी वापरतंय?"

स्वल्पने आकडा पाहिला. "ऑफिसबाहेरचा एक जण."

"एका माणसासाठी प्रदेश चालवायला आपण काय सरकार आहोत?"

तिने काढून टाकलं. सकाळपर्यंत नव्या अपडेटबरोबर ते सगळ्यांच्या फोनवरून जाणार होतं. घरी येताना मात्र तो एक जण तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. धुक्यातल्या त्या रस्त्यावर एकटाच, संथ चालणारा.

जेवताना तिने हे सांगितलं, गंमत म्हणून. दादाचा घास हातातच राहिला.

नोकरी गेल्यापासून दादा दुपारपर्यंत अंथरुणात पडून असे. गेला महिनाभर मात्र तो सकाळी उठून, आवरून काम शोधायला बाहेर पडत होता, आणि आई त्याचं श्रेय स्वतःच्या ओरडण्याला देत होती.

"मग उद्या मी कुठल्या इंग्रजीत उठू?" दादाने विचारलं.

"तू? तो तू आहेस?"

"यादीत अगदी खाली होतं. बाकीची करून झाली होती. ब्रिटिश माफी मागत उठवतं, अमेरिकन नुसतं टाळ्या पिटतं. हे एकटंच असं बोलायचं, की मी नाही उठलो तरी त्याची काही हरकत नाही. मग उठावंसं वाटायचं."

"म्हणजे माझा घसा फुकटच गेला," आई म्हणाली.

स्वल्पने ताट बाजूला सारलं. "दादा, अपडेट घेऊच नकोस. तुझ्यापुरतं जुनं चालू राहील. काही महिने तरी."

"आणि नंतर?"

"नंतर बंद पडेल."

दादाने फोन उलटा ठेवला. "मग आत्ताच जाऊ दे. बघतो शेजारच्या देशात जमतंय का." हे तो हसतच म्हणाला, पण पुढे भाजी वाढून घ्यायची विसरला.

स्वल्पला जाग आली तेव्हा खोली निळसर झाली होती. भिंतीपलीकडे दादाचा गजर बोलला. ब्रिटिश. त्याने अदबीने माफी मागितली आणि तो थांबला. मग काहीच नाही.

ती उठून बसली. जाऊन हलवावं का त्याला? पाय अजून झोपेत होते. अर्ध्या जागेपणी तिला तो दिसला, वळकटी काखेत मारून धुक्यातून निघालेला. पुढे सीमा होती, पण फाटक नव्हतं, पहारेकरी नव्हता. तो मात्र तिथेच उभा राहिला होता. तिने श्वास धरून ठेवला. तिने हाक मारली असती, तर तो पुन्हा तिच्याच शब्दांवर उठला असता.

पलीकडे पलंग करकरला. चपला फरफटत गेल्या, आणि नळ सुटला.

"अरे, आधी गिझर तरी लाव!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

"राहू दे गं," दादाचा घोगरा आवाज आला. "गारच बरंय."