गोड बोलणारी सविता

माझं बोलणं गोड नाही. मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना कष्ट नकोत. सावेडीत घरच्या हॉलमधून मी साड्या विकते. मोबाईल स्टँडला लावून लाईव्ह करते आणि त्यातही "अहो ताई, रंग आत्ताच नीट बघून घ्या, नंतर बोंब मारू नका" असंच बोलते. गिऱ्हाईक बायकांना ते चालतं. सविता खडूस आहे पण खरी आहे, म्हणतात. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर, रविवारी सकाळी, राहुरीच्या अंजुमनं फोनवर "ताई, काल किती गोड बोललात हो" म्हटलं, तेव्हा मला वाटलं ही चुकून मला लावून बसली.

"काल? अगं, काल मी दिवसभर साड्यांना फॉल लावून घेत होते. कुणाशी बोलले मी?"

"असं काय करता ताई? केवढा वेळ बोललो आपण! माझ्या पाठदुखीचं विचारलंत. साडीचे पैसे आधी पाठव म्हणालात, मी पाठवले. आता पार्सल कधी येणार तेवढं सांगा. तुमचा नवा नंबर बिझी लागतोय, म्हणून जुन्यावर केला."

माझा नंबर लग्नाच्या आधीपासून एकच आहे.

नवा नंबर जिथून घेतला, ते पेज अंजुमनं पाठवलं. माझंच नाव, माझाच फोटो. व्हिडिओ लावला तर त्यात मीच उभी. जांभळी साडी नेसलेली. तशी साडी ना माझ्या अंगावर कधी आली, ना माझ्या स्टॉकात. मागं आमचाच हॉल, आमचंच कपाट. हसताना मी ओठाचा डावा कोपरा मुडपते, तीही मुडपत होती. तिनं हात जोडले.

"नमस्कार ताई. दिवाळीची ऑनलाईन खरेदी करताना सावध राहा हं. माझ्या नावानं एक खोटं पेज चालू आहे. त्यावरची बाई फार रागीट आहे, अंगावर येते. तिला पैसे पाठवू नका. खात्री करा, मगच घ्या."

खाली बायकांनी लिहिलं होतं, 'बरं झालं ताई सांगितलंत', 'तरीच म्हटलं ती एवढी का खेकसते'. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा! आणि बोंब मारायला तोंड कुणाचं, तर माझं!

मी घर डोक्यावर घेतलं. माझा नवरा, हर्षल, चहा ठेवून आत आला. "तुझे एवढे व्हिडिओ नेटवर पडलेत. त्यावरून आवाज बनवतात, चेहरापण बनवतात. शिव्या घालून काय होणार? सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीस नंबरला फोन कर, तक्रार दे," म्हणाला. दिली. तिथल्या पोरीनं नीट ऐकून घेतलं, अंजुमलाही तक्रार करायला सांगा म्हणाली. पेज बंद व्हायला मात्र थोडा वेळ लागेल. हर्षल रविवारच्या ड्युटीवर गेला. मी घाईघाईनं खरा व्हिडिओ टाकला, की बायांनो, मी खरी, ती खोटी. पहिलीच कमेंट आली, 'हीच ती रागीट बाई'.

मग माझं डोकं सटकलं. मी त्या नव्या नंबरवर फोन लावला.

"हॅलो, सविता बोलतेय. बोला ना ताई."

स्वतःचा हॅलो दुसऱ्या टोकाकडून ऐकू आला की कसं वाटतं, ते मला सांगता येत नाही. तरी मी म्हटलं, "कोण गं तू भवाने? माझ्या नावावर बायकांना लुबाडतेस?"

पलीकडं शांतता. साधी शांतता नव्हे. पंखा नाही, रस्ता नाही, श्वाससुद्धा नाही.

"रागावू नका ताई. सणासुदीचं कुणी असं बोलतं का? बीपीची गोळी घेतलीत?"

घेतली नव्हती. मागं कधीतरी लाईव्हमध्ये बोलता बोलता मी म्हणाले असेन, गोळी घ्यायची राहिली बाई. ते मी विसरले होते. हिनं जपून ठेवलं होतं.

"तुला पोलिसांत देते, थांब!"

"बरं. ठेवते हं ताई. आईला फोन करायचाय."

फोन बंद झाला. माझी आई, लंकाबाई, कोल्हारला एकटी राहते. माझे वडील, अण्णा, शुगर फॅक्टरीत होते. ते गेल्यावर फॅक्टरीचे जे पैसे आले ते सगळे तिच्या खात्यात आहेत. त्यावरच तिचं घर चालतं, औषधपाणी चालतं. ते पैसे गेले तर ती रस्त्यावर येईल. खातं तिच्याच मोबाईलला जोडलेलं. आणि गेल्या पाडव्याला मीच शहाणीनं तिला लाईव्हमध्ये बसवलं होतं. 'कोल्हार भागातल्या ताईंनी माझ्या आईकडं येऊन साड्या बघा, हा घ्या तिचा नंबर.' माझ्याच तोंडानं जगाला सांगितलं.

आईला लावला. दुसऱ्या कॉलवर व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. बँकेच्या नंबरवर म्हणाले, खातं थांबवायला खातेदारानंच फोन करायला हवा. शेजारच्या बायडाबाईला लावला तर ती शेतात, "सांजच्याला बघते" म्हणाली. मी स्कार्फ बांधला, स्कूटी काढली आणि मनमाड रोडला लागले. राहुरीत थांबून परत लावला. व्यस्त. अख्ख्या रस्त्यात डोक्यात एकच, आई, मोबाईलवर आलेला ओटीपीचा नंबर सांगू नकोस. देवा, तिला चष्मा सापडू देऊ नकोस.

घरापुढं स्कूटी टाकून धावले आणि फाटकातच थबकले. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मोबाईल समोर डब्याला टेकवलेला, स्पीकर लावलेला. आणि त्यातून मी बोलत होते.

"गुडघ्याला तेल लावलंस का आई? कोमट करून लाव हं."

"लावलं गं. आन् तुला सांगायचंच ऱ्हायलं, बायडीच्या शेळीला दोन पिल्लं झाली."

"अय्या, दोन! कुठल्या रंगाची?"

"एक काळं, एक तांबडं. तांबडं लई गुणाचं हाय."

आई हसत होती. तिला असं हसताना मी कधी बघितलं होतं, आठवेना. मला खरंच वाटलं, की लेक तिथं बसली आहे आणि मी कोणीतरी फाटकात आलेली आहे.

"आई, ऐक ना. तुझ्या मोबाईलवर आत्ता एक नंबर आला असेल. तेवढा वाचून दाखव."

"आई, नको!" मी किंचाळले. "वाचू नको!"

फोनमधून माझाच आवाज हळूच म्हणाला, "आई, कोण आलंय गं?"

"मी सविता! आई, ठेव तो फोन!"

"आई, मी सविता. घाबरू नकोस. माझ्यासारखी दिसणारी एक बाई फिरतेय. तिला घरात घेऊ नकोस."

मी तोंडावरचा स्कार्फ ओढून काढला. आईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, परक्या बाईला न्याहाळावं तसं. मग फोनकडं बघितलं. परत माझ्याकडं. मला वाटलं, गेलं सगळं. ही त्या आवाजाकडंच जाणार. कुणीही तिकडंच जाईल.

"आई, नंबर वाच ना गं," फोन म्हणाला, इतक्या लाडानं.

"अगं बये, ठेव म्हणते ना!" मी आईवर ओरडले. "बहिरी झालीस का? कान फुटले का तुझे?"

"ही माझी," आई म्हणाली आणि तिनं लाल बटण दाबलं.

मी ओट्यावर बसले ती धापा टाकतच. आधी मोबाईल हिसकावला, तिच्याकडूनच बँकेला फोन करवून खातं थांबवलं. मग विचारलं, "नंबर दिला होतास का आधी? खरं सांग."

"न्हाई."

"ती मी नाही, हे कळलं होतं तुला?"

"पयल्याच दिशी. तिनं इचारलं, जेवलीस का. तू कवा इचारतीस?"

"मग बोलत कशाला बसलीस तिच्याशी? आई, अण्णांचे सगळे पैसे गेले असते!"

"जात्यात कशाला? ती रोज नंबर मागायची. मी म्हनायची, चष्मा गावंना, उद्या सांगते. मग ती उद्या परत करायची फोन." आईनं लसणाची एक पाकळी सोलून बाजूला ठेवली. "नंबर दिला आसता, तर कशाला केला आसता तिनं फोन? म्हनून न्हाई दिला."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू बंद केलं आसतंस."

मी बंदच केलं. तो नंबर ब्लॉक केला. आई बघत होती. तेवढ्यात दुसऱ्याच कुठल्या तरी नंबरवरून रिंग वाजायला लागली. आम्ही दोघी त्या मोबाईलकडं बघत राहिलो. खूप वेळ वाजून तो गप्प झाला. तोही नंबर मी ब्लॉक केला.

"दुपारची येळ जात न्हाई गं," आई म्हणाली. "आता कोन बोलंल माझ्यासंगं?"

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी तिच्या जवळ सरकले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, जपून म्हणाले, "मी करत जाईन गं आई. रोज करीन फोन. खरंच."

आईचे हात लसणावर थांबले. तिनं गुडघा माझ्या हाताखालून काढून घेतला आणि ती भिंतीला जाऊन टेकली. मला फाटकात बघितलं तेव्हाही ती अशी घाबरली नव्हती.

"आसं नको बोलू," ती म्हणाली. "ती आसंच बोलती."

"अगं आई, मीच आहे."

"मग वरडून सांग."

मी तोंड उघडलं. पण रडू इतकं दाटून आलं होतं, की आवाज निघाला तो हळूच, लाडाचाच निघाला. आई आणखी मागं सरकली.