थंडीला घाबरणारी ठमी

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे, आणि तोही अंग पुसायचा नव्हे, भांडी पुसायचा. सध्या मुक्काम मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. अंगाला गाडीच्या ऑइलचा वास येतो, पण नाक मुरडू नका. एके काळी लोक मला वाचत असत.

माझा जन्म इंग्लंडमधला. पांढऱ्या सुती अंगावर निळ्या शाईत तिथल्या रोजच्या बोलीतले वीस शब्द छापले होते. शेफील्डच्या बाजारात मोरीनबाईंनी मला विकत घेतलं आणि शेजारी नव्याने राहायला आलेल्या शुभाला दिलं. शुभा पुण्याची. शाळेत इंग्रजीत पहिली यायची, पण शेजाऱ्यांचं इंग्रजी तिच्या डोक्यावरून जायचं. मग मोरीनबाई रोज चहाला येऊन माझ्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवायच्या, आणि शुभा कपड्यांवर नाव घालायच्या पक्क्या शाईच्या पेनने त्याच्यापुढे मराठीत अर्थ लिहायची. ‘नॅकर्ड’पुढे तिने लिहिलं, ‘दमून पार पिट्टा पडलेली’. ‘गटेड’पुढे ‘हिरमुसलेली’. ‘चफ्ड’पुढे ‘स्वारी खूश!’ मोरीनबाई त्या मराठी अक्षरांवरून कौतुकाने बोट फिरवायच्या. ओव्हनच्या दांडीवर लटकून मी सगळं ऐकायचो. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे इला झाली. शुभा कामावर जाऊ लागली आणि इला दिवसभर मोरीनबाईंकडे राहू लागली. ही पोरगी तिथल्या भर उन्हाळ्यात, जूनमध्येही कोट काढायला तयार नसे. मोरीनबाई तिला एका खास शब्दाने हाक मारायच्या. तो माझ्यावर छापलेला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने साध्या बॉलपेनने खालच्या कोपऱ्यात लिहिला: ‘नेश’. नेश म्हणजे जिला जराही थंडी सोसत नाही ती. त्यापुढे शुभाने हसत हसत पक्क्या शाईत लिहिलं, ‘थंडीला घाबरणारी ठमी’. साध्या शाईनेच पुढे घात केला, पण तेव्हा कुणाला कळणार?

इला चार वर्षांची असताना तिच्या बाबांना, विक्रमला, अमेरिकेत नोकरी मिळाली. कपबशांना गुंडाळून मीही आलो. पहिल्याच महिन्यात इला शाळेतून रडत घरी आली. ती बोलायला लागली की मुलं हसायची.

“शुभा, ते शेफील्डचं बोलणं बंद करा यार,” विक्रम म्हणाला. “इथे कुणी असं बोलत नाही. तिला ॲडजस्ट व्हायला नको का?”

त्याला तरी दोष कसा देऊ? लेकीचं रडणं त्याला बघवत नव्हतं. शुभाने मला ओव्हनवरून काढलं.

आपल्या घरांत कापड टाकून देत नाहीत. आधी मी पोळ्यांच्या डब्यात गेलो, मग ओट्यावर, मग सिंकखाली आणि शेवटी गॅरेजमध्ये विक्रमच्या हाताशी. दर वेळी कडकडीत गरम पाण्यात धुलाई व्हायची आणि माझे निळे शब्द विरत जायचे. बॉलपेनचा तर सगळ्यात आधी गेला. मशीनमध्ये गरगर फिरत मी ओरडायचो, अगं, पाणी थंड तरी ठेव! पण टॉवेलचं कोण ऐकतं? अंगावर उरले ते फक्त शुभाचे मराठी अर्थ.

मोरीनबाई दर शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायच्या. आधी इला धावत यायची. मग, “मॉम, आय डोन्ट गेट हर,” म्हणत खोलीत जाऊ लागली. शुभालाही नेमकी तेव्हाच कामं निघू लागली. कॉल महिन्यावर गेले, मग नुसते ख्रिसमसला.

गेल्या आठवड्यात मोरीनबाईंच्या मुलीचा फोन आला. बाई आता वृद्धाश्रमात आहेत. नावं विसरल्यात, पोटच्या मुलीलाही ओळखत नाहीत. पण जुना, लाडका एखादा शब्द कानावर पडला की क्षणभर ओळख पटते. शनिवारी बोलाल का?

इला आता बारा वर्षांची आहे. निरोप ऐकून ती खोलीतून बाहेर आली. मग म्हणाली, “मॉम, शी हॅड अ वर्ड फॉर मी. काय होता तो?”

शुभाला आठवेना. आठवला तो मी.

शनिवारी सकाळी तिने मला गॅरेजमधून शोधून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. कोपऱ्यातली अक्षरं तिने वाचून दाखवली, ‘थंडीला घाबरणारी ठमी’. त्याच्या अलीकडे नुसता ऑइलचा डाग.

“बट व्हॉट्स द वर्ड?” इलाने विचारलं.

“ओठांवर आहे गं...” शुभाने डोळे मिटून घेतले. विक्रम खाली मान घालून म्हणाला, “सॉरी. मीच गाडी पुसली याने.” इलाने घाईघाईने फोनवर शोधलं, तर थंड हवेचेच शब्द निघाले. मी त्यांच्या हातांखाली पडून होतो. नेश, अगं नेश! माझ्या धाग्याधाग्याला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

कॉल लागला. मोरीनबाई शाल घेऊन बसल्या होत्या.

“मोरीन आजी, इट्स इला.”

त्या नुसत्या हसल्या, कुणाही परक्याकडे बघून हसावं तसं. इलाने फोनवरचे शब्द एकेक म्हणून पाहिले, “पार्की? निपी?”

“गार आहे का तिकडे?” बाई म्हणाल्या. “मग कोट घाल हो.”

शेवटी इलाने मला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. मोरीनबाई पुढे वाकल्या. त्यांनी मला निरखून पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला.

“फार मळलाय गं,” त्या म्हणाल्या. “चांगला धुऊन काढ, लव्ह.”

कॉल संपल्यावर शुभा मला छातीशी धरून वॉशिंग मशीनपाशी कितीतरी वेळ उभी राहिली. तिच्या कुडत्याला ऑइल लागलं. पण तिने मला आत टाकलं नाही.

मित्रांनो, मला धुवा, पिळा, पायाखाली घाला, माझी तक्रार नाही. पण ज्या माणसाने तुम्हाला बोलायला शिकवलं, त्याच्याशी बोलायचं टाकू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मॉरिसव्हिलला गेलं, तर पुढच्या शनिवारच्या कॉलआधी इलाला गाठा. उन्हाळ्यातही जॅकेट घालून हिंडते, लगेच ओळखू येईल. तिला माझा एवढाच निरोप सांगा: नेश.